व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प की डिजिटल डबी? (फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काय घ्यावं)

सहा_तारा
नमस्कार मंडळी. बारा वर्षांनी इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून खाली उतरली आहे. तारा गंजल्या होत्या, बोटं त्याहून जास्त. ऑफिसातल्या चौघांनी मिळून बँड काढलाय, दर शनिवारी जॅमरूममध्ये दोन तास वाजवतो. घरी मात्र अ‍ॅम्प नाही. कॉलेजात असताना होता तो दहा वॅटचा डबा भाऊ कॅसेट ऐकायला घेऊन गेला तो गेलाच.

बजेट ८० हजारांपर्यंत, त्यावर गेलं तर घरात भांडण होईल. एक १५ वॅटचा ट्यूब कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) जुना मिळतोय, ५५ हजार सांगतोय. ईएल८४ ट्यूबचा आहे म्हणे. दुसरीकडे बँडमधला बेसवाला म्हणतो की ट्यूबच्या नादी लागू नकोस, सरळ फ्लोअर मॉडेलर घे, शंभर अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल एका डबीत.

मी ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. भिंतीपलीकडे ऐंशीच्या आजी आहेत, ज्यांना कुकरची शिट्टीसुद्धा मोजता येते. वाजवतो ते ब्लूज आणि सत्तरच्या दशकातलं रॉक, मेटल नाही. काय करू?

बेसूर
हेडफोन घ्या. आजी वाचतील. पुढचा प्रश्न.

वाफाळता_चहा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मागच्या वेळी अकूस्टिकच्या तारा कुठल्या यावर १८० प्रतिसाद झाले होते.

मडगावकर
मी हॉटेलांतून आणि लग्नांतून वाजवतो, वीस वर्षं झाली. त्यातली बारा वर्षं माझ्याकडे फेंडर ट्विन रिव्हर्ब हा ट्यूब अ‍ॅम्प होता. ८५ वॅट, वजन २९ किलो. आवाज असा की एक कॉर्ड मारली की पोट भरायचं. पण तो कधी उचललाय? वरच्या पट्टीला एकच मूठ असते, मधोमध. एका हाताने उचललात तर खोका गुडघ्यावर आदळत जातो, दोघांनी उचलला तर दोघांना एकच मूठ. बागा, कलंगुटच्या बाजूला अर्धी हॉटेलं जिने चढून वर. सामान पाठच्या दाराने, भटारखान्यातून, ओल्या लादीवरून. एकदा जिन्यात पाय घसरला, अ‍ॅम्प वाचवला, कंबर गेली. डॉक्टरने विचारलं काय उचललं होतं, म्हटलं गिटार.

आणि पोहोचल्यावर मॅनेजर येऊन म्हणणार, पात्रांव, जरा हळू. ८५ वॅटचा अ‍ॅम्प दीडवर लावून बसायचं. दीडवर तो ट्विन झोपलेलाच असायचा.

आता एचएक्स स्टॉम्प हा मॉडेलर वापरतो. किलोभर वजन. पाठपिशवीत गिटारच्या केबलीबरोबर जातो, तार थेट साउंड मिक्सरला. स्कूटरवरून गिगला जातो मी! ट्विन विकला तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कंबर एकच आहे.

रेडिओकाका
पहिली गोष्ट, ट्यूब सायकलची असते किंवा छताला लावतात. याला व्हॉल्व्ह म्हणतात. बुधवार पेठेत आमच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मी तिथे चड्डीत असल्यापासून बसतो. तेव्हा रेडिओ लावला की आधी डायलचा दिवा, मग अर्ध्या मिनिटाने आवाज, लांबून चालत आल्यासारखा.

यात जादू काही नाही. फिलामेंट तापतं, कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, मधली जाळी म्हणजे ग्रिड त्यांना वाट देते किंवा अडवते. गिटारचा इवलासा सिग्नल त्या जाळीवर द्यायचा. सिग्नल झेपेनासा झाला की लाटेची टोकं चेपतात. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये ती कात्रीने कापल्यासारखी कापली जातात, इथे अंगठ्याने कणीक दाबावी तशी दबतात. शिवाय जोरात तार छेडली की पॉवर सप्लायचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि सावरतो. वाजवणाऱ्याच्या बोटाला ते कळतं, ऐकणाऱ्याला कळेलच असं नाही.

दुसरी गोष्ट. साठ सालचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आजही माझ्या टेबलावर आला तर मी चालू करून देईन. कपॅसिटर, रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, सगळं डोळ्यांना दिसतं. तुमच्या डबीतली चिप गेली की ती डबी पेपरवेट.

खडूस_कोथरूड
काकांना पूर्ण आदर ठेवून, ‘ट्यूबची ऊब’ हे प्रकरण म्हणजे पितळी तांब्यातलं पाणी गोड लागतं त्यातलं आहे.

मागच्या दिवाळीत आम्ही पाच जणांनी एक उद्योग केला. मित्राचा ५० वॅटचा ईएल३४ ट्यूबवाला हेड (स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प), त्याचं एनएएमवर कॅप्चर केलं. एनएएम म्हणजे न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, फुकट आणि मुक्त-स्रोत. अ‍ॅम्पमध्ये ठरावीक सिग्नल सोडायचा, बाहेर काय आलं ते नोंदवायचं, आणि संगणकाला सांगायचं की बाबा हा फरक शिक. मग एकच वाजवलेला तुकडा दोन्हींतून काढला, माइक आणि कॅबिनेट तेच ठेवून. दहा तुकडे, कुठला खरा ते कागदावर लिहायचं. मी दहापैकी चार ओळखले. ज्याचा अ‍ॅम्प होता त्याने पाच, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. तो अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

रेडिओकाका
@खडूस, तुमच्या चाचणीत सगळे खुर्चीत बसून ऐकत होते. वाजवत कोणीच नव्हतं. मी वर काय लिहिलंय ते परत वाचा.

खडूस_कोथरूड
बरोबर, मान्य. पण मग तो वाद वाजवणाऱ्याच्या सुखाचा झाला, आवाजाचा नाही.

बेसूर
वाजवणाऱ्याचं सुख धरायचं की ऐकणाऱ्याचं, हा प्रश्न माझ्या बायकोने केव्हाच निकालात काढलाय.

हेमांगी_जी_मेजर
मी दोन्ही वापरते, स्टुडिओत आणि स्टेजवर, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाते. एक मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून सविस्तर.

अ‍ॅम्पसमोर उभं राहून जे ऐकू येतं ते खोलीतलं ऐकू येतं. स्पीकर तुमच्या पोटरीकडे तोंड करून असतो, आवाज भिंतीवर आपटून येतो, जमीन हलते. मॉडेलर देतो तो स्पीकरला माइक लावून रेकॉर्ड केलेला आवाज. त्यात कॅबिनेटचा आयआर असतो, म्हणजे त्या खोक्याचा आणि त्या माइकचा ठसा. रेकॉर्ड ऐकताना आपण नेहमी तोच ऐकत आलोय. म्हणून मॉडेलर हेडफोनवर ‘रेकॉर्डसारखा’ वाटतो आणि खोलीत मात्र ‘काहीतरी कमी’ वाटतं. मॉडेलर वाईट म्हणून नव्हे. आपण शेजारच्या खोलीतला अ‍ॅम्प माइकमधून ऐकतोय, एवढंच. हे आधी माहीत असेल तर अर्धी निराशा टळते. मी दोन महिने मशीनला दोष देत बसले होते.

दुसरी चूक: घरी हळू आवाजात प्रीसेट (आवाजाची जमवून साठवलेली मांडणी) बनवायचे आणि तेच जॅमरूममध्ये न्यायचे. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि वरचे सूर दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. मोठ्या आवाजात तेच प्रीसेट घुमतात, वर कानात टोचतात. आणि गिटार राहते ती मधल्या पट्टीत, जी आपणच घरी कापून टाकलेली असते. ड्रमवाल्याने पहिला झांजेचा फटका मारला की तुम्ही गायब. प्रीसेट शेवटी बँडबरोबरच, त्या आवाजात बनवायचे.

आता १५ वॅटबद्दल. ‘फक्त १५’ असं कोणी म्हणालं तर हसा. ५० चे १०० वॅट केले तर वाढतात ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे १५ वॅटचा अ‍ॅम्प १५० वॅटच्या निम्मा मोठा. तो पूर्ण उघडला तर ड्रमसेटशी बरोबरी करतो. आणि जो चेपलेला गोड आवाज तुम्हाला हवाय, तो पूर्ण उघडल्यावरच येतो. आजींच्या भिंतीला लागून ते जमायचं नाही. निवासी भागात कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ४५ म्हणजे काय, तर फ्रिज जरा जोरात चालला तर तेवढं होतं.

मधला मार्ग अ‍ॅटेन्युएटरचा, अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो आणि वॅट खातो. पण तोही स्वस्त नाही, आणि फार दाबलं की आवाज चादरीखालून आल्यासारखा येतो.

वाफाळता_चहा
वाखूसा (वाचनखूण साठवली). हेमांगीताई, यावर वेगळा धागा काढा.

जर्सीनाना
एक सावधगिरीची गोष्ट. २००९ मध्ये भारतात येताना पुतण्यासाठी अमेरिकेतून एक सुंदर छोटा व्हॉल्व्ह कॉम्बो आणला. विमानात वजनाचे पैसे भरले. घरी पोचलो, चहा झाला, पुतण्याने प्लग बदलून सरळ भिंतीत खोचला. मागे लिहिलं होतं १२० व्होल्ट. आपल्याकडे २३०. आधी प्रकाश छान पडला. मग फुस्स झालं आणि पिवळट धूर, आणि तो वास! जळलेल्या वार्निशचा, आठवडाभर पडद्यांना येत होता.

बाहेरून अ‍ॅम्प आणलात तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, तोही नीट वॅटचा. जपानी माल तर १०० व्होल्टचा असतो. डिजिटल डब्यांचे अडॅप्टर बहुतेक १०० ते २४० सगळं चालवून घेतात, तरी त्यावरची बारीक अक्षरं वाचा.

रच्याकने (जाता जाता), माझ्याकडे १९९८ चं लाल मूत्रपिंडासारखं दिसणारं पॉड, म्हणजे जुनं मॉडेलर, अजून आहे. लाइन ६ चं. तेव्हा वाटलं होतं की आता अ‍ॅम्प संपले. मग २००६ ला अ‍ॅक्स-एफएक्स आलं, तेव्हाही वाटलं. २०११ ला केम्परने अ‍ॅम्पची प्रोफाइल घेणं आणलं, तेव्हा तर खात्रीच पटली. अ‍ॅम्प अजून आहेत. माझं पॉड मात्र आज कोणी फुकट नेत नाही.

सांगलीचा_बंडू
नाना, तिकडचा गिटारवाला एडी व्हॅन हेलन व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र) लावून अ‍ॅम्पचा व्होल्टेज मुद्दाम खाली आणायचा, आवाज मऊ यावा म्हणून. आमच्या वाडीत संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की भिंतीतच १७० व्होल्ट येतंय. फुकटात एडी! आपल्या इकडे त्याला डिमरस्टॅट म्हणत्यात, लोक वर चढवायला वापरतात, तो खाली आणायला वापरायचा. नाद करायचा नाय.

रेडिओकाका
@बंडू, हसलो. पण १७० वर फिलामेंट नीट तापत नाही आणि रात्री बाराला अचानक २५० आले की मग रडशील. स्टॅबिलायझर लाव.

आता बोललोच आहे तर, व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घरी उघडणाऱ्यांनो, आत ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. ते रिकामे केल्याशिवाय हात घालायचा नाही. वडिलांचा नियम होता: एक हात खिशात. दोन्ही हात आत गेले की करंटला छातीतून जायला रस्ता मिळतो. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. व्हॉल्व्हपेक्षा तो महाग.

मडगावकर
वीजेवरून आठवलं. अर्थिंग! जुन्या हॉलमध्ये तीन पिनांच्या बोर्डातलं वरचं भोक नुसतं शोभेचं असतं. गिटारच्या तारांना हात आणि ओठ माइकला लागला की असा चटका बसतो की पुढची ओळ आपोआप वरच्या सप्तकात. आमच्या गायकाने त्यावर माइकला स्पंजची टोपी घातली, झाला उपाय.

हेमांगी_जी_मेजर
स्पंज नको, इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि हम (अ‍ॅम्पची सततची गुणगुण) जावा म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून विनंती, नका काढू. हम जातो, जीवही जाऊ शकतो. हे डिजिटललाही लागू, लॅपटॉप आणि मॉडेलर जोडला की जी किरकिर येते ती पुष्कळदा अशीच वायरिंगची असते.

खडूस_कोथरूड
‘डबी पेपरवेट होते’ याबद्दल. खरंय, होते. पण व्हॉल्व्ह काय झाडाला लागतात का? गिटार अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने जगात मोजके: रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात चादत्सा, आणि चीन. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा लोक व्हॉल्व्ह साठवून ठेवत होते, कांद्यासारखे. नंतर माल सुरू झाला, पण चढे भाव राहिले. माझ्या मित्राने त्या महिन्यात चार ईएल३४ घेतले ते अजून खोक्यात आहेत.

शिवाय मॉडेलरवर दुसरा आरोप असतो ‘उशिरा वाजतो’. काही मिलिसेकंद लागतात, हो. पण आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. स्टेजवर अ‍ॅम्प तीन मीटर मागे ठेवलात तर तो तुमच्या कानापर्यंत यायलाच ९ मिलिसेकंद लागतात. त्याला कोणी नावं ठेवत नाही. फक्त ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका, तिथे खरोखर लग्नाची वरात एकीकडे आणि बँड दुसरीकडे होतं.

रेडिओकाका
व्हॉल्व्ह भारतातही बनायचे. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवत असे. माझ्याकडे बीईएलचे ईसीसी८३ आणि ईएल८४ खोक्यासकट आहेत. विकत नाही.

बेसूर
विकत नाही म्हणणाऱ्या काकांच्या घरचा पत्ता कुठे मिळेल?

संपादक_मंडळ
धाग्याचा विषय अ‍ॅम्प आहे. चोरीचं नियोजन व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) करावं. हलके घ्या.

वाफाळता_चहा
शांतता हवी असेल तर मेटॅलिका या मेटल बँडचा आदर्श घ्या. ८ डिसेंबर २०१३ ला अंटार्क्टिकात वाजवलं, निसर्गाला त्रास नको म्हणून सगळ्या प्रेक्षकांना हेडफोन दिले. पेंग्विनांना जे मिळालं ते आजींना का मिळू नये?

सहा_तारा
एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, काही दोनदा. रविवारी तो कॉम्बो बघून आलो. काकांना व्यनि करून काय तपासायचं ते विचारून घेतलं होतं, आणि तसंच केलं. पाच मिनिटं नुसता तापू दिला. मग पेन्सिलीच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारली. पहिल्यावर काही नाही, दुसऱ्यावर ‘टक’, तिसऱ्यावर मंदिरातल्या घंटीसारखं ‘टिंSSग’ आणि ते वाजतच राहिलं. काका म्हणाले होते तो मायक्रोफोनिक व्हॉल्व्ह, बदलता येतो, किंमत पाडायला उपयोगी.

मग वाजवला. आवाजाची कळ एकवर असताना काहीच नाही, दीडवर कुजबुज, दोनवर खिडकीची काच थरथरली. मधे काही नाहीच. मालक म्हणाला, सहावर बघा खरी मजा. सहावर नेला. काय सांगू. एक साधा ए मारला आणि तो संपेचना. गिटारचा आवाज बोटाने थोडा कमी केला की सूर स्वच्छ, वाढवला की फाटका, पायाखाली एकही पेडल नाही. हात थरथरत होता. काका, तुम्ही ‘बोटाला कळतं’ म्हणालात ते कळलं.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तिसऱ्या मिनिटाला वर आले.

घेतला नाही. घरी सहावर कधीच जाणार नाही, आणि दोनवरच्या ट्यूबसाठी ५५ हजार देणं म्हणजे वाघ पाळून त्याला दूध-भात घालणं. जॅमरूममध्ये चौकशी केली तर कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेला एक ट्यूब कॉम्बो निघाला, भाड्यातच. वर्षभर आम्ही त्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवत होतो. तर घरासाठी छोटा मॉडेलर घेतला, सेकंडहँड, ३८ हजार. शनिवारी तोच फक्त इफेक्ट्ससाठी, आयआर आणि अ‍ॅम्पचं मॉडेल बंद करून, त्या कॉम्बोला लावतो.

हेमांगी_जी_मेजर
उत्तम. त्या कॉम्बोला इफेक्ट्स लूप (आवाज फाटल्यानंतर इफेक्ट जोडायची जागा) असेल तर डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा) लूपमध्ये घाला, पुढून नको. फाटलेल्या आवाजाला घुमवणं वेगळं आणि घुमलेल्याला फाडणं वेगळं.

मडगावकर
बाटल्या काढल्यात ना वरच्या?

सहा_तारा
काढल्या! आणि अजून एक. काकांनी घरी बोलावलं होतं, काल जाऊन आलो. त्यांनी एका मेलेल्या रेडिओच्या सांगाड्यावर पाच वॅटचा अ‍ॅम्प बांधलाय, एकच ईएल८४, लाकडी पेटी, पुढे रेडिओचं मूळ कापड. त्यावर ते हवाईयन गिटार वाजवतात. मांडीवर आडवी घेऊन, स्टीलचा तुकडा तारेवरून सरकवत. मी माझी पाच सुरांची पेंटॅटॉनिक गुपचूप खिशात घातली.

खडूस_कोथरूड
काका हवाईयन वाजवतात हे शंभर प्रतिसाद लपवून ठेवलंत? ध्वनिमुद्रण टाका. कुठल्यातरी एका माइकने केलं तरी चालेल, मी कॅप्चर करून देतो.

रेडिओकाका
कॅप्चर वगैरे काही नको.

@सहा_तारा, तुझी ती डबी माझ्याकडे राहिली आहे. शनिवारच्या आत येऊन ने. काल रात्री सहज लावून बघितली. त्यातलं ते स्प्रिंग रिव्हर्ब ठीक आहे. हेडफोनवर साडेबारा वाजले तरी हिला कळलं नाही मी वाजवतोय ते. आता त्यात मागे टक टक टक असं काहीतरी सुरू झालंय आणि थांबत नाही. ते कुठून बंद करायचं?

सहा_तारा
काका, मेट्रोनोम आहे तो, लयीचे ठोके देणारा. उजवीकडचं खालचं बटण दाबून धरा. दोन सेकंद.

रेडिओकाका
झालं. रविवारी ये. शनिवारी नको.